चौकोनी ब्लॉक आणि सहा हजारांचं मशीन

हा आपल्या भागाचा लेखी मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढले.

तर, गेल्या पावसाळ्यात मी एका भंगारवाल्याकडून जुनं रंधा मशीन घेतलं. सहा इंची, बिडाचं टेबल, मोटर गायब. किलोच्या भावाने पडलं सहा हजारांना. नवीन मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम बघून मी स्वतःवरच खूश होतो. दोन रविवार रॉकेल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यात गेले. गंज निघाल्यावर टेबल असं काही चमकलं, की आता फक्त मोटर आणि पट्टा लावायचा बाकी, असं वाटलं.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवायला बोलावलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलंच नाही. हाताने पुली फिरवली, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ब्लॉक चौकोनी आहे रे. हे चालवू नकोस."

काकांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. ती कशाने गेली, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

आता ब्लॉक म्हणजे काय? रंधा मशीनच्या दोन टेबलांच्या मधल्या फटीत एक दांडा फिरतो, त्यावर पाती बसवलेली असतात. तो कटर ब्लॉक. लाकूड वरून ढकलायचं, खालून पातं ते तासतं. माझ्या मशीनमध्ये हा दांडा चौकोनी होता आणि त्याच्या सपाट बाजूंवर पाती बोल्टने आवळलेली होती. असं कोणी का बनवेल? याचं उत्तर शोधताना मी दोनशे वर्षं मागे गेलो.

लाकूड तासायच्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी १७९१ मध्ये घेतलं. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे हे भाऊ. जेरेमींच्या डोक्यात आदर्श तुरुंगाची योजना होती, आणि ज्यांना सुतारकी येत नाही अशा कैद्यांकडूनही काम करून घेता यावं, हा या यंत्रांमागचा एक विचार होता. फिरत्या पात्यांची कल्पना त्यांच्या १७९३ च्या पेटंटमध्ये येते.

पण धंदा उभा राहिला अमेरिकेत. विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये पेटंट घेतलं. फिरती पाती, आणि लाकूड दाबून पुढे नेणारे रोलर. पेटंट चौदा वर्षांचं होतं. १८४२ मध्ये सात वर्षं वाढवून मिळाली, आणि पुढची सात वर्षं तर थेट अमेरिकी काँग्रेसने दिली. म्हणजे १८५६ पर्यंत मक्तेदारी! या पेटंटवरून कोर्टात किती खटले चालले याला सुमार नाही.

त्या शतकात पाती बसवायला चौकोनी ब्लॉक रुळला. कारण सोपं आहे. सपाट पातं सपाट बाजूवर ठेवा, बोल्ट आवळा, झालं. आणि रोलरवाल्या यंत्रात त्याचा माणसाला फारसा धोकाही नव्हता, कारण लाकूड रोलर ओढत होते. हात लांब होता.

घोळ पुढे झाला. हाताने लाकूड ढकलायच्या रंधा मशीनमध्येही तसाच चौकोनी ब्लॉक बसला. आता हात थेट पात्यांच्या वरून जाऊ लागला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. एका ठिकाणी नीट चाललेला कोड दुसरीकडे उचलून चिकटवतो, आणि तो पहिल्या ठिकाणी का चालत होता हे विचारायचं राहून जातं.

साधं गणित करू. ब्लॉकचा कोपरा ते कोपरा कर्ण १०० मिलिमीटर धरा. मध्यापासून कोपरा ५० मिलिमीटरवर, पण सपाट बाजूचा मध्य फक्त ३५ वर. म्हणजे दोन कोपऱ्यांच्या मध्ये १५ मिलिमीटरचा खड्डा. लाकूड निसटून बोट खाली गेलं, तर ते त्या खड्ड्यात शिरतं आणि पुढचा कोपरा पातं घेऊन येतो. मिनिटाला ४,००० फेरे आणि दोन पाती, म्हणजे सेकंदाला १३० हून जास्त वेळा. गोल ब्लॉकमध्ये तो खड्डाच भरलेला असतो. पातं जेमतेम मिलिमीटरभर बाहेर. जखम तिथेही होते, पण बोट आत ओढलं जायला जागा उरत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गोल ब्लॉक आला. ब्रिटनच्या १९२२ च्या नियमांनी हाताने ढकलायच्या रंधा मशीनला तो सक्तीचा केला. आपल्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्येही लाकूडकामाच्या यंत्रांसाठी हीच अट होती. पण हे नियम कारखान्यांसाठी. १९४८ च्या मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असतील तर तो कारखाना. काका शिकले त्या दुकानात चौघं होते. आणि माझ्या गच्चीवर मी एकटा.

म्हणजे नियम होता, फक्त काकांच्या करंगळीपर्यंत पोचला नाही.

शेवटी मी तयार गोल ब्लॉक आणला. जवळच्या वर्कशॉपमध्ये कटर दाखवून 'असाच एक टर्न करून द्या' म्हणायचा मोह झाला होता, पण या वेगाला ब्लॉकचा तोल नीट नसेल तर तो स्वतःच धोका. बेअरिंगची घरं बदलावी लागली. सगळा खर्च मशीनच्या किमतीपेक्षा जास्त झाला. 'मूळ स्वरूपात जपलं नाहीस' असं एक मित्र म्हणाला. खरंय. टेबल जपलं, पाय जपले, पुली जपली. जे बदलायला हवं होतं तेवढं बदललं.

तुम्ही जुनं रंधा मशीन बघायला गेलात, तर गंज बघू नका, रंग बघू नका. आधी हाताने पुली फिरवा आणि आत वाकून बघा. चौकोनी दिसलं, तर नव्या ब्लॉकचे पैसे धरूनच भाव करा.

आणि काकांनी पहिली फळी तासली तेव्हा मी दोन पावलं मागे उभा होतो. पुढच्या भागात भेटू.