रद्दीत जाण्याआधी किताब ओळखावी कशी?

आमच्या जालना जिल्ह्यात जुन्या घराची वाटणी होते तेव्हा जमीन, दागिने, भांडीकुंडी या सगळ्यांचे हिस्से पडतात. पुस्तकांच्या पेटीवर मात्र कुणी हक्क सांगत नाही. आजोबांना उर्दू-फारसी येत होती, पणजोबा मोडी लिहायचे आणि नातवाला यातले काहीच वाचता येत नाही. मग पेटी किलोच्या भावाने जाते. तिच्यात काय होते हे जाणाऱ्यालाही कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

या पेटीत इतक्या भाषा एकत्र कशा आल्या, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबार आणि कचेरीची भाषा आधी फारसी होती, नंतर उर्दू झाली. घर आणि बाजार मराठीचा. त्यामुळे उर्दू पुस्तके फक्त मुसलमानांच्या घरात सापडतात हा समज खोटा आहे. ज्या घरात कुणी वकील, पटवारी किंवा शिक्षक होऊन गेला, तिथे ती सापडतात, मग घर देशमुखांचे असो, कुलकर्ण्यांचे असो की काझींचे.

जुनी पुस्तके जमवणाऱ्याला पैशापेक्षा सूची जास्त उपयोगी पडते. ही गोष्ट आपल्या परंपरेला हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती. बगदादचा इब्न नदीम हा वर्राक, म्हणजे हस्तलिखितांचा व्यापारी. त्याने हिजरी ३७७ मध्ये (इ.स. ९८७-८८) ‘अल-फेहरिस्त’ हा ग्रंथ रचला. अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची त्याने दहा भागांत नोंद केली. कवींच्या दिवाणांपुढे तर त्याने पानांची संख्याही दिली आणि एका बाजूला वीस ओळी असलेले पान हे त्याचे माप सांगितले. म्हणजे कुणी अर्धा दिवाण पुरा म्हणून विकू लागला तर गिऱ्हाइकाला कळावे. पुढे सतराव्या शतकात इस्तंबूलच्या हाजी खलिफाने ‘कश्फ-उज-जुनून’मध्ये चौदा हजारांहून अधिक ग्रंथांची नावे नोंदवली.

आता मराठीकडे येऊ. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. म्हणून मराठीत त्या सालापर्यंतच्या मुद्रितांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. ही छपाईच्या बाळपणातली पुस्तके. १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात निघालेल्या देशी भाषांतल्या पुस्तकांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी केली. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची सूची ब्लूमहार्ट यांनी १८९२ मध्ये काढली. छपाईच्या इतिहासासाठी अ. का. प्रियोळकर वाचावेत.

पण मराठी संग्राहकाचा खरा आधार म्हणजे शंकर गणेश दाते. दात्यांनी ठिकठिकाणची ग्रंथालये पालथी घातली आणि १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. दुसऱ्या खंडात ते १९५० पर्यंत आले. लेखक, प्रकाशक, साल, पाने हे सगळे एका जागी मिळते. मुखपृष्ठ गेलेले पुस्तक हाती आले की मी आधी ‘दाते’ उघडतो.

मात्र आपल्या भागासाठी हे पुरत नाही. १८६७ चा कायदा इंग्रजी मुलखाचा होता आणि निजामाचे राज्य त्याबाहेर. शिवाय दात्यांचे काम मराठीपुरते. जालन्याच्या पेटीतली हैदराबादी छपाईची उर्दू किताब या दोन्ही जाळ्यांतून निसटते. तिच्यासाठी हैदराबादकडेच वळावे लागते. नसीरुद्दीन हाशमींचे ‘दकन में उर्दू’ हे पायाभूत पुस्तक. सालारजंग आणि आसफिया कुतुबखान्यातल्या उर्दू हस्तलिखितांच्या खुलासेवार याद्याही त्यांच्याच. डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी १९३१ मध्ये ‘इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू’ उभी केली आणि तिथल्या हस्तलिखितांचा ‘तजकिरा’ अनेक खंडांत लिहिला. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तर औरंगाबादेत होते आणि १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक तिथूनच निघे. त्याचे सुटे अंक दिसले तर सोडू नयेत.

या दोन परंपरांच्या सांध्यावर आपण उभे आहोत. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदासारख्यांची मराठी रचना ओळखायला रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ आणि डॉ. यू. म. पठाण यांचे सूफी संतांच्या मराठी साहित्यावरचे काम जवळ असावे. जुन्या मराठी कागदात फारसी शब्द अडला तर माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’ आहे.

एक अडचण सालांची. शके असेल तर ७८ मिळवावेत. हैदराबादी फसली असेल तर साधारण ५९०. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथे कोष्टकच लागते. हिजरी १३०० नोव्हेंबर १८८२ मध्ये सुरू झाले. कधी आकडा नसतोच, शेवटी एक तारीखी शेर असतो. त्यातल्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की साल निघते. ‘बाग’ शब्दात बे २, अलिफ १, गैन १०००, म्हणजे १००३. शिळाछापाच्या किताबीत शेवटच्या पानावर कातिबाचे नावही बघावे.

एवढी साधने असूनही एक जागा रिकामी आहे. मराठवाड्यातल्या घराघरांत काय उरले आहे, याची फेहरिस्त नाही. ती मुंबई-हैदराबादहून कुणी येऊन करणार नाही. त्यासाठी विद्वान असण्याचीही गरज नाही. एक वही घ्या. नाव, लेखक, छापखाना, गाव, साल जसे छापले तसे, पाने, मालकाचा शिक्का आणि समासातले हस्ताक्षर, एवढे लिहा. लिपी येत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि मदरशातल्या मौलानांना किंवा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पेटी विकायचीच असेल तर त्यानंतर विका. नोंद झालेली किताब हरवली तरी ती होती, एवढे तरी पुढच्याला कळेल.