पिस्तुलाचा नेम आणि गुरूचा हात

वाशिम जिल्ह्यांतील रिठदसारख्या गांवीं जोंधळा दाण्यावर आला म्हणजे पूर्वीं शेतांत माळा उभा राही आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार बसे. दगड पाखरांच्या थव्यावर नेमका कसा जावा, हें कोणी पोथींत लिहून ठेवलें नव्हतें. बापानें पोराचें मनगट धरावें, दोरी कोणत्या क्षणीं सोडावी तें हातानेंच दाखवावें, आणि पोरानें दहा वेळां चुकून अकराव्या वेळीं तें साधावें, अशी ती शिकवण होती. पिस्तूल हें गोफणीहून फार वेगळें आणि फार घातक साधन खरें. परंतु त्याचा नेम शिकण्याची रीत आजही हीच आहे. म्हणून या विद्येचा इतिहास पाहूं लागलें तर शस्त्रांपेक्षां शिकविणाऱ्या हातांकडेच अधिक पाहावें लागतें.

बंदुकीला खांद्याचा आधार असतो, पिस्तुलाला तो नसतो. स्पर्धेच्या नियमाप्रमाणें तें एकाच हातानें, तोही मोकळा पुढें करून, धरावें लागतें. पुढची माशी मागच्या खांचेच्या बरोबर मध्यें दिसली पाहिजे. या दोहोंमध्यें फार तर २२ सेंटिमीटरांचें अंतर असतें. तेथें एका मिलिमीटरची चूक झाली कीं २५ मीटरांवर गोळी सुमारें ११ सेंटिमीटर बाजूला जाते. आणि त्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५ सेंटिमीटर असतो.

नवशिक्याचा नेम बहुधा डोळ्यामुळें चुकत नाहीं, तो बोटामुळें चुकतो. बार होणार या धास्तीनें तो चाप झटक्यानें ओढतो आणि मनगट आधींच खालीं लवतें. हें त्याचें त्याला कळत नाहीं. कारण बाराच्या आवाजांत व धक्क्यांत सारें झांकून जातें. अशा वेळीं जाणता शिक्षक एक युक्ति करतो. खऱ्या काडतुसांत तो शिष्याच्या नकळत एखादें निकामी काडतूस भरून देतो. चाप ओढला जातो, बार होत नाहीं, आणि नळीचें टोंक झुकलेलें शिष्याला स्वतःच्याच डोळ्यांनीं दिसतें. शंभर वेळां सांगून जें पटलें नसतें, तें त्या एका क्षणांत पटतें. मग शिक्षक आपलें बोट त्याच्या बोटावर ठेवून चाप किती हळू दाबावा तें दाखवितो. त्यापुढें कित्येक दिवस रिकामें पिस्तूल घेऊन कोऱ्या भिंतीसमोर तोच धडा गिरवावयाचा असतो. शिक्षक जवळ नसेल तर दोष बोटांत मुरतो, आणि मुरलेला दोष काढणें नवें शिकण्याहून कठीण जातें.

हाताकडून हाताकडे जाणारी अशी विद्या एकदां तुटली कीं सहज सांधत नाहीं. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरलें. ज्या घरांतून शस्त्र गेलें, त्या घरांतून तें शिकविणाराही गेला. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होत. मूळचे कोंकणांतील घराण्याचे, गांधीजींच्या चळवळींत तुरुंगवास भोगलेले, आणि पुढें १९५२ सालीं लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले हे गृहस्थ नेमबाजीच्या संस्थेचे धुरीण व्हावे, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा आज्ञापालनाचा असतो, आणि तो मावळंकरांना परका नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरील नेमबाजांची स्पर्धा त्यांच्याच नांवानें भरते.

शिकलेली विद्या किती खोल जाते, याचें उदाहरण हंगेरीच्या कारोली टाकाच यांचें आहे. सैन्यांत असतां १९३८ सालीं हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनीं गाजावाजा न करतां डाव्या हाताला पहिल्यापासून सारें शिकविलें, आणि १९४८ सालीं लंडनला व १९५२ सालीं हेलसिंकीला ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. हात गेला तरी हाताला लागलेली शिस्त गेली नव्हती.

महाराष्ट्रांत ही तुटलेली सांखळी पुन्हा कशी जुळली, हें कोल्हापूरच्या राही सरनोबत हिच्या चरित्रांत दिसतें. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दिल्ली येथें अनिसा सय्यद हिच्याबरोबर तिनें २५ मीटर पिस्तुलाचें सांघिक सुवर्णपदक मिळविलें. २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषक स्पर्धेंतही ती पहिली आली. पुढें कोपराच्या दुखापतीनें खेळ थांबला. जी पदकें मिळवून चुकली होती, तिनें २०१७ सालीं पुन्हा शिष्यत्व पत्करलें. तिनें शोधलेल्या शिक्षिका मुंखबयार दोर्जसुरेन या जन्मानें मंगोलियाच्या, नंतर जर्मनीच्या झालेल्या. याच प्रकारांत दोनदां जगज्जेत्या आणि दोन ऑलिंपिक कांस्यपदकांच्या मानकरी. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरींत राही व थायलंडची प्रतिस्पर्धी यांचे गुण सारखे, ३४ झाले. पांच गोळ्यांच्या निर्णायक फेरींतही बरोबरी झाली. दुसऱ्या फेरींत राहीनें ३ विरुद्ध २ अशी बाजी मारली. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या वेळीं प्रत्येक गोळीला मुदत होती अवघ्या तीन सेकंदांची. तेवढ्या वेळांत विचार करावयास सवड नसते. आधीं जें हाताला शिकविलेलें असेल तेंच उपयोगी पडतें.

पैसा उभा राहिला तर पिस्तुलें व काडतुसें विकत आणतां येतात, मैदानही बांधतां येतें. चुकणाऱ्या मनगटाशेजारीं तासन्‌तास उभें राहणारें माणूस मात्र असें आणतां येत नाहीं. तें आधीं कोणाच्या तरी हाताखालीं शिकलेलें असावें लागतें. माळ्यावरच्या पोरांचे डोळे तेव्हांही तीक्ष्ण होते आणि खेड्यांतील मुलामुलींचे आजही आहेत. जेथें जेथें नवें मैदान उभें राहील, तेथें खर्चाच्या यादींत शिक्षकाचें नांव सर्वांत वर लिहिलें जावें, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.