परागज्वर : मावळ व लोणावळा
परागकणांच्या अ‍ॅलर्जीने होणारा नाक-डोळ्यांचा विकार. सलग शिंका, पाण्यासारखी सर्दी, डोळ्यांना खाज ही लक्षणे, ताप नसतो. मावळात मुसळधार पावसाने हवा धुतली जाते, पण भाद्रपद-आश्विनात डोंगरउतारांवरचे गवत फुलोऱ्यावर येते नि त्रास सुरू होतो. त्यात भर गाजरगवताची. भारतात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले, आता रस्त्याकडेला, पडीक रानात सर्वत्र माजले आहे. ते फुलण्याआधीच, हातमोजे घालून उपटावे. उघड्या हातांना पुरळ उठते. नाकातील स्टेरॉइड फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तो श्रावणअखेरीसच सुरू करावा. रानातून आल्यावर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. धाप लागल्यास दम्याची तपासणी करून घ्यावी.