सदरचा रेल्वे-सेवक

जबलपूरच्या छावणीतील मुख्य बाजार म्हणजे सदर. मराठी माणसाला या शब्दाने वाड्याची सदर आठवते. घरातील कर्त्या पुरुषाने बसून निवाडा करण्याची ती जागा. रेल्वेतून निवृत्त होऊन या भागात विसावलेल्या सेवकालाही एक निवाडा करावा लागला होता. मात्र त्याची वेळ निवृत्तीच्या कितीतरी आधी आली.

अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपुरास पोचली. १८७० मध्ये इटारसीच्या बाजूने जी. आय. पी. रेल्वे येऊन तिला मिळाली आणि मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होते. त्यांचे नाव इतिहासात राहिले. सांधेवाला, फायरमन, गँगमन यांची नावे हजेरीपटापुरतीच उरली. १८१७ पूर्वी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे येथील कचेऱ्यांत आणि रेल्वेत मराठी कुटुंबे रुळली, यात नवल नाही.

या सेवकांना पूर्वी पेन्शन नव्हती. पगारातून कापलेला फंड आणि त्यात रेल्वेने घातलेली भर, अशी रक्कम निवृत्तीच्या वेळी एकदम हाती पडे. १९५७ साली पेन्शनची योजना आली आणि जुन्या नोकरांना विचारण्यात आले : फंड हवा की पेन्शन?

प्रश्न हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो संसाराचा होता. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, डोक्यावर स्वतःचे छप्पर यांना रक्कम एकदम लागते. पेन्शन महिन्याने येते, आणि घेणारा उद्याच गेला तर मागे उरणाऱ्यांचे काय, ही धास्ती वेगळीच. म्हणून अनेकांनी फंड पत्करला. त्यांनी स्वतःच्या म्हातारपणापेक्षा मुलाबाळांचा विचार आधी केला.

काळाने मात्र दान उलटे टाकले. महागाई वाढत गेली. पेन्शनीत तिच्या मानाने भर पडत राहिली. फंड मात्र लग्नात नि विटांत केव्हाच संपला होता. निवड बदलण्याची संधी पुढे अनेकदा देण्यात आली, पण ठरलेल्या तारखांआधी निवृत्त झालेल्यांना तिचा लाभ नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फंड घेणारे आणि पेन्शन घेणारे हे दोन भिन्न वर्ग आहेत, असे म्हणून न्यायालयाने १९९० मध्ये मागणी अमान्य केली.

कायद्याच्या दृष्टीने तेथे विषय संपला. २००३ साली जबलपूर पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. शहराचा मान वाढला. ज्यांच्या खांद्यावर हा मान उभा राहिला, त्यांच्यापैकी कित्येकांची कागदोपत्री ओळख 'फंडवाले' या एका शब्दात आटोपते. त्या शब्दामागे घरातल्या माणसांसाठी घेतलेला निर्णय होता, एवढी नोंद तरी इतिहासाने ठेवावी.