हेड न उतरवता

महाराष्ट्रातल्या यंत्रांचा इतिहास सांगायचा झाला की लेखणी आपोआप कारखान्यांकडे वळते. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी, सातारा रोडचा कूपरांचा कारखाना, १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडू लागलेली जनरल मोटर्स, १९४६ मध्ये उभी राहिलेली खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. या वाटेवर वाशिम कुठेच लागत नाही. तिथे इंजिन घडलं नाही. ते बाहेरून आलं, चाललं, बंद पडलं आणि दुरुस्त होऊन परत चाललं. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा जगाच्या पातळीवर मांडला आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लागल्याच्या तारखांनी लिहिला की वापर आणि देखभाल त्यातून गळून जातात. वाशिमसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत तर देखभाल वगळली की इतिहासच उरत नाही. म्हणून इथे एकच काम उदाहरणाला घेतो. सिलिंडरचं हेड जागेवर ठेवून व्हॉल्व्हची तुटलेली स्प्रिंग बदलायची. गॅरेजमधल्या मिस्त्रीला यात काही विशेष वाटणार नाही. पण हे काम याच रीतीने का होतं, याचं उत्तर शोधताना वऱ्हाडाच्या या कोपऱ्याचा भूगोल, शेतीचं वेळापत्रक आणि इंजिनाची रचना या तिन्ही गोष्टी समोर येतात. माझ्या मते ही रीत अडाणी काटकसर म्हणून आली नाही. तिच्यामागे वेळेचा आणि जोखमीचा पक्का हिशेब आहे.

आधी भूगोल. इंग्रजी अमलात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बराचसा अकोल्याला जोडला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा केला. मधली ९३ वर्षं म्हणजे नेमका तेल-इंजिनाचा, ट्रकचा, बसचा आणि ट्रॅक्टरचा काळ. या सगळ्या काळात जिल्ह्याचं ठाणं, मोठी बाजारपेठ आणि मुंबई–नागपूर मुख्य मार्गाची रेल्वे, तिन्ही अकोल्याला. वाशिमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. याचा अर्थ या मुलखात पैसा नव्हता असा नाही. कारंजाचा कापूस बाजार १८८६ सालचा, देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून तो ओळखला जातो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रेल्वे कारंजावरून गेली तीही कापसासाठीच. (‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीला वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, आपल्या स्प्रिंगशी त्याचा संबंध नाही, पण जुनं यंत्र इथे किती काळ टिकवलं जातं याची कल्पना त्यावरून यावी.) माल बाहेर नेण्याची सोय अशी आधीच झाली होती. सुटे भाग आणि लेथ मात्र दूरच राहिले. यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

आता स्प्रिंग का तुटते ते पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. मिनिटाला ६५० फेरे घेणारं लिस्टर धाटणीचं संथ इंजिन रात्रभर, म्हणजे दहा तास, विहिरीवर चाललं तर स्प्रिंग एक लाख ९५ हजार वेळा दबते. पुढे आलेल्या १५०० फेऱ्यांच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात तेवढ्याच वेळात हा आकडा साडेचार लाखांवर जातो. इंजिन हलकं आणि आटोपशीर झालं, पण स्प्रिंगवरचा भार दुपटीहून वाढला. तारेवर गंजाचा बारीकसा खड्डा असला की तिथून चीर सुरू होते आणि एक दिवस वेटोळं तुटतं. गंमत अशी की तुटलेल्या स्प्रिंगवरही इंजिन पुष्कळदा चालत राहतं. दोन तुकडे एकमेकांत अडकतात, आवाज बदलतो, धूर वाढतो, एवढंच. धोका यातच आहे. स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांडीशी अडकवणारा कॉटर निसटला आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन त्यावर आदळतो आणि काही रुपयांच्या तारेपायी अख्खं इंजिन जातं. म्हणजे काम उद्यावर टाकता येत नाही. आणि हरभरा किंवा गहू ओलिताला आलेला असताना इंजिन चार दिवस उघडून ठेवणंही परवडत नाही.

हेड उतरवायचं म्हणजे पाणी काढायचं, नळ्या सोडवायच्या, गंजलेले स्टड मोडणार नाहीत अशा बेताने नट सैल करायचे. एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा भरवशाचं राहत नाही, तेव्हा नवीन पॅकिंग आणायचं. वर काळ्या मातीची धूळ उघड्या सिलिंडरमध्ये जाणार नाही हे सांभाळायचं. हेड न काढण्यात अडचण एकच: स्प्रिंग सोडवली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं काही उरत नाही. तिच्यावरचे तोडगे इंजिनाच्या रचनेप्रमाणे बदलत गेले, आणि माझ्या लेखी खरा पुरावा इथे आहे. जुन्या डॉज किंवा फार्गो ट्रकच्या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, तोंड वर करून बसलेले असत. स्प्रिंगपर्यंत जायला बाजूचं झाकण उघडलं की झालं. व्हॉल्व्ह पिस्टनवर पडण्याचा प्रश्नच नव्हता. शेवरोलेच्या सहा सिलिंडरी इंजिनात मात्र व्हॉल्व्ह डोक्यावर. तिथे प्लगच्या भोकातून सुताची दोरी आत सारायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि हॅन्डलने पिस्टन वर आणायचा. दबलेली दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते. कॉम्प्रेसर असेल तर दोरीऐवजी हवा भरायची. डिझेल आल्यावर काम आणखी सोपं झालं, हे सहसा लक्षात येत नाही. त्या काळच्या पेट्रोल इंजिनाचा दाबाच्या गुणोत्तराचा आकडा सहा-सातच्या घरात होता, डिझेलचा सोळा-सतरा. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मधे जागाच फार थोडी उरते. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणला की सुटा व्हॉल्व्ह थोडासा उतरतो आणि पिस्टनवरच टेकतो. रॉकर बाजूला करा, दुबेळक्या तरफेने स्प्रिंग दाबा, कॉटर चिमट्याने उचला, स्प्रिंग बदला. एक पथ्य मात्र कडक: काम होईपर्यंत फ्लायव्हील हलता कामा नये.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. स्प्रिंग तुटणं हे लक्षण आहे; गाइड झिजलेलं असेल, व्हॉल्व्ह वाकलेला असेल, सीट जळलेली असेल, तर वरवर स्प्रिंग बदलून रोग आत तसाच राहतो. आक्षेप खरा आहे, पण ही पद्धत तपासणी टाळते असं त्यात गृहीत धरलेलं आहे. उलट स्प्रिंग सुटलेली असतानाच व्हॉल्व्हची दांडी बोटांत धरून हलवता येते. ती लटपटली तर गाइड गेलं, फिरवताना अडखळली तर दांडी वाकली. स्प्रिंग बसवल्यावर फ्लायव्हील दाबाविरुद्ध फिरवून पाहायचं. फुसफुस हवेच्या नळीतून ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा. अशा वेळी हेड उतरवावंच लागतं, आणि तिथे आळस करणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावतो. हेड न काढणं हा पहिल्या टप्प्यावरचा निर्णय आहे, तो पुढच्या तपासणीवर पालटू शकतो. याला जुगाड म्हणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: अमेरिकेतल्या भरल्या गॅरेजांतही दोरीची आणि हवेची हीच युक्ती वापरतात, आणि त्यासाठी खास अवजारं विकली जातात. गरिबीतून आलेली असती तर ती तिथे टिकली नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, कारण त्याचं उदाहरण वाशिममध्येच उभं आहे. वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा ही एस.टी.ची आगारं अकोला विभागाखाली येतात. एस.टी.ची रीत अगदी वेगळी: आगारात हलकी कामं, विभागीय कार्यशाळेत जड कामं, आणि इंजिनाची पूर्ण उकल करायची तर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांकडे बघायचं. बिघडलेला भाग सोडवून त्याजागी तयार भाग बसवायचा आणि बस रस्त्यावर सोडायची. ही पद्धत शिस्तीची आहे, नोंदी ठेवणारी आहे. मग तीच आदर्श का मानू नये? कारण ती हजारो सारख्या गाड्यांच्या ताफ्यावर आणि राखीव भागांच्या साठ्यावर उभी आहे. ज्याच्याकडे एकच इंजिन आहे त्याच्याकडे बदली इंजिन कुठून येणार? एस.टी. वेळ वाचवते ती जास्तीचे भाग बाळगून, गॅरेज वाचवतं ते कमी उघडून. दोघांचा हिशेब बरोबर आहे, भांडवल वेगळं आहे. फरक एवढाच की एस.टी.चे कागद उरतात आणि गॅरेजचं ज्ञान शिकाऊ पोराच्या हातात जातं, म्हणून इतिहासात पहिलं दिसतं आणि दुसरं अनुभवाचा भाग म्हणून सोडून दिलं जातं.

विहिरीवरचं इंजिन विजेच्या मोटारीने बाजूला सारलं, आणि त्यासोबत या कामाचा मोठा हिस्सा गेला. वाहनांतही रचना बदलली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅमशाफ्ट थेट व्हॉल्व्हच्या वर असतो. हेड जागेवर ठेवलं तरी कॅम उतरवून टायमिंग पुन्हा जुळवावं लागतं. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांमध्ये सेन्सर आणि संगणकाची भर पडली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर जिल्ह्यातल्या कारंजा किंवा मालेगावजवळ बंद पडलेली गाडी पुष्कळदा उचलून थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. शेलूबाजारवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याकाठी तिची दुरुस्ती व्हायची ते प्रमाण त्यामानाने घटणारच. ट्रॅक्टरचं मात्र तसं झालेलं नाही. जानेवारी २०२३ पासूनचे उत्सर्जनाचे नवे नियम ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना लागू झाले. सोयाबीन आणि तुरीच्या रानात चालणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे, पुशरॉड-रॉकरच्या तीन सिलिंडरी डिझेल इंजिनाचे आहेत. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत त्यांच्यातल्या एखाद्याची स्प्रिंग तुटली तर पिस्टन वरच्या टोकाला आणून, हेडला पाना न लावता, तासा-दोन तासांत ती आजही बदलता येते.