७. ‘काठावर लोंबकळलेला चेंडू’
गोल्फमध्ये फटक्यानंतर चेंडू होलमध्ये स्थिरावला आणि तो संपूर्णपणे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पातळीखाली असला, तरच तो ‘होल झाला’ असे मानतात. आत पडून उसळून बाहेर आलेला चेंडू त्यामुळे धरला जात नाही. होलमधील निशाणाच्या काठीला टेकून राहिलेल्या चेंडूला मात्र १ जानेवारी २०१९ पासून सवलत असून त्याचा थोडासा भाग पातळीखाली असला तरी पुरतो. प्रस्तुत उताऱ्यातील चेंडू नुसताच काठावर आहे. अशा वेळी खेळाडूला होलपर्यंत पोहोचण्यास लागणारा वाजवी वेळ आणि त्यापुढे १० सेकंद एवढीच वाट पाहण्याची मुभा असते. चेंडू त्यानंतर पडला तर तो आत गेला असे धरतात खरे, परंतु दंडाचा एक फटका वाढत असल्याने थांबून पदरात काहीच पडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील आरबीसी हेरिटेज स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या किम सी-वूचा चेंडू जवळजवळ मिनिटभराने आत पडला, तेव्हा त्याची बर्डी, म्हणजे ठरावीक फटक्यांपेक्षा एक कमी, याच नियमाने हुकली.