बॉम्बे रक्तगट : दोन पानांचा शोधनिबंध आणि सात नावे

नांदेड किंवा लातूरच्या रक्तपेढीत तुम्ही रक्तदान केले असेल, तर तुमच्याकडे रक्तगटाचे कार्ड असेल. त्यावर 'ओ' लिहिलेले असले की लोक म्हणतात, हे रक्त सगळ्यांना चालते. पण भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो, ज्याला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. नेहमीच्या तपासणीत त्याचा स्वतःचा गट मात्र 'ओ'च दिसतो. यालाच बॉम्बे रक्तगट म्हणतात. तो ओळखला गेला आपल्याच राज्यात.

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक कोडे आले. रक्तगट ओ दिसतो, पण ओ गटाच्या दात्यांचे रक्त जुळत नाही. रक्तद्रव ओ पेशींच्याही गुठळ्या करतो. हाताखालच्या कोणाची चूक समजून हा नमुना बाजूला टाकता आला असता. त्यांनी तो लंडनच्या जाणकारांपर्यंत नेला.

१९५२ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा निबंध आला. त्यावर सात नावे होती. भेंडे, देशपांडे आणि भाटिया मुंबईचे. रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस लंडनच्या रक्तगट संशोधन विभागातले (हे दोघे पुढे पती-पत्नी झाले). वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स लिस्टर संस्थेतले रसायनतज्ज्ञ. मुंबईकडे रुग्ण आणि शंका होती. लंडनकडे दुर्मिळ चाचणीद्रव्ये आणि रसायनशास्त्र होते. एकमेकांवाचून कोणाचेच काम पुरे झाले नसते.

त्यातून काय कळले, ते थोडक्यात सांगतो. तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा पाया तयार होतो. त्या पायावर ए किंवा बी चा मजला चढतो. मजला नसेल तर ओ. बॉम्बे गटात पायाच नसतो, म्हणून ए किंवा बी चे जनुक असूनही ते उमटत नाही. पाया आधी, मजला नंतर हा क्रम वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी पुढे मांडला, तेव्हा मुंबईच्या या रुग्णांचा पुरावा त्यात मोलाचा ठरला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या निबंधाची किंमत किती?

संशोधनाची किंमत मोजायची आजची पद्धत सायटेशनची आहे, म्हणजे तुमच्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला ते मोजायचे. यूजीन गारफील्ड यांनी ही कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून त्यांची सूची नियमित निघू लागली. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक काढला. (हा एच आणि वरचा रक्तातला एच यांचा काही संबंध नाही.) तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील, तर तुमचा निर्देशांक दहा. लातूरच्या पालकांना हे समजावून सांगावे लागणार नाही, एका आकड्यात मुलगा मोजायची आपल्याला सवय आहे. पण या हिशोबात एक निबंध, त्याला हजार उल्लेख मिळाले तरी, निर्देशांकात जास्तीत जास्त एकाचीच भर घालतो.

दुसरी गंमत पाहा. शोध फार प्रसिद्ध झाला की मूळ निबंधाचा उल्लेखच थांबतो. 'बॉम्बे फिनोटाइप' असे लिहिले की काम भागते. शहराचे नाव राहिले, भेंडे यांचे गळाले. मोजणाऱ्या यंत्राला तो गळालेला उल्लेख दिसत नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेतील जॉन लोव यांच्या गटाने या रक्तगटामागचा दोष एफयूटी१ या जनुकात दाखवला. पुढे भारतीय रुग्णांत नेहमी आढळणारा बदलही सापडला : ७२५ व्या जागी टी ऐवजी जी. एवढ्या एका अक्षराने पाया घालणारे एन्झाइम निकामी होते. मुंबईच्या रुग्णांपासून या अक्षरापर्यंत चार दशके गेली. उल्लेख मोजताना बहुतेक वेळा मागची दोन-पाच वर्षेच बघतात.

त्याच १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तिथल्या प्राध्यापकांना २०१० च्या यूजीसी नियमांनुसार निबंधांचे गुण मोजावे लागले. त्यात पहिल्या आणि मुख्य लेखकाला मिळून ६० टक्के, बाकी सगळ्यांना मिळून ४०. वैद्यकीय शिक्षकांसाठी भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१५ मध्ये याहून कडक खुलासा काढला : बढतीसाठी श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना. हे नियम नंतर बदलले. पण २०१५ चा नियम १९५२ च्या निबंधाला लावून पाहा. भेंडे आणि देशपांडे यांना श्रेय, तिसऱ्या क्रमांकावरच्या एच. एम. भाटियांना शून्य. याच भाटियांनी पुढे मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उभे केले. आज ती केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स यांनाही शून्य. असा नियम असेल तर विष्णुपुरीच्या कॉलेजातला तरुण डॉक्टर आपला चमत्कारिक नमुना दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे का पाठवील? नाव पाचवे लागणार, हे त्याला आधीच माहीत असते. मला आकड्यांचे वावडे नाही, पण सहकार्याला दंड करणारी मोजणी रुग्णाच्या मुळावर येते.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट आता. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून आते-मामे नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. आपल्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत. गट ओ आहे, पण रक्त कोणाशीच जुळत नाही असे रक्तपेढीने सांगितले, तर घाबरून दुसऱ्या पेढीकडे धावू नका. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी झाली का आणि अँटी-एच लावून पाहिले का, ते विचारा. बॉम्बे गट निघाला तर त्या रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी, डॉक्टरांना योग्य वाटल्यास, त्याचे स्वतःचे रक्त काढून ठेवता येते. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा, त्यांच्यात प्रत्येकाला तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते.